मोड नसलेला पदार्थ

जुन्या वस्तूंविषयी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांत एक आर्थिक भेद दडलेला आहे. तांब्यापितळेचे भांडे फुटले म्हणजे ते मोडीत दिले जाते. लोखंडी पत्रा भंगारात जातो, वाचून झालेला कागद रद्दीत. या तिन्ही शब्दांमागे काही ना काही भाव आहे. ‘कचरा’ या शब्दामागे तो नाही. नवा पदार्थ यांपैकी कोणत्या शब्दाच्या वाट्यास जावा, हे त्याच्या गुणधर्मांइतकेच त्याला परत घेणारा कोणी आहे की नाही यावर अवलंबून असते. प्लॅस्टिकचा इतिहास या बाजूने फारसा पाहिला गेलेला नाही.

मूळ ग्रीक विशेषणाचा अर्थ ‘घडविता येण्याजोगे’ असा असून ते मातीच्या व मूर्तीच्या कामास लावीत. म्हणजे हा शब्द प्रथम कारागिराचा होता, कारखानदाराचा नंतर झाला. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८६९ च्या सुमारास सेल्युलॉइड तयार केले, ते बिलियर्डच्या चेंडूंकरिता हस्तिदंतास पर्याय शोधताना. कासवाच्या कवचाच्या फण्यांची जागाही पुढे त्यानेच घेतली. ज्या कुळाने कासवास काही अंशी अभय दिले, त्याच कुळातील पिशव्या आज त्याच्या पोटात सापडतात. या पिशव्यांचे द्रव्य पॉलिएथिलीन. ते इंग्लंडमध्ये १९३३ साली एका उच्च दाबाच्या प्रयोगात अनपेक्षितपणे हाती आले. ते पाण्याहून हलके आहे, आणि समुद्राच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली.

समुद्रातील प्लॅस्टिकचा प्रारंभकाळ ठरविण्याचे साधन मोठे विलक्षण आहे. सूक्ष्म सागरी जीव गोळा करण्यासाठी जहाजांच्या मागे ओढले जाणारे एक यंत्र १९३१ पासून वापरात आहे. ते कशात अडकले याच्या नोंदी यंत्र सांभाळणारे केवळ कामाची अडचण म्हणून करीत राहिले. २०१९ साली या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा १९५७ मधील प्लॅस्टिकची दोरी आणि १९६५ मध्ये आयर्लंडच्या वायव्येस सापडलेली पिशवी उजेडात आली. बखरकारापेक्षा दप्तरातला कारकून अधिक विश्वसनीय असतो, तो असा. १९७२ मध्ये कारपेंटर व स्मिथ यांनी सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर दर चौरस किलोमीटरमागे सरासरी सुमारे ३,५०० तुकडे असल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्या अंदाजानुसार एकट्या २०१० साली किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेले.

हे द्रव्य पुन्हा कारागिराच्या हाती देण्याचा एक प्रयत्न केनियातील लामू बेटावर झाला. तेथील गलबते बांधणाऱ्या सुतारांनी किनाऱ्यावर वेचलेले प्लॅस्टिक वितळवून त्याचा कणा, फासळ्या आणि फळ्या ओतल्या, त्या लाकडाप्रमाणे तासल्या व जोडल्या. बाहेरून टाकाऊ चपलांच्या रबरी पत्र्यांचे रंगीबेरंगी आवरण चढविले. सुमारे नऊ मीटर लांबीच्या ‘फ्लिपफ्लॉपी’ या नौकेस दहा टन प्लॅस्टिक व तीस हजार चपला लागल्या असे सांगतात. २०१८ साली ती पाण्यात उतरली आणि २०१९ च्या आरंभी झांझिबारपर्यंत, सुमारे पाचशे किलोमीटर, गेली. स्वाहिली भाषेत मोठ्या गलबतास ‘जहाझी’ म्हणतात. आपल्या ‘जहाज’ शब्दाचेच ते भावंड, अरबी-फारसीच्या वाटेने आलेले. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या ज्या व्यापाराने हा शब्द दोन्ही किनाऱ्यांस दिला, त्याच्या गलबतांनी मागे असा कोणताही अविनाशी अवशेष ठेवला नव्हता.

या नौकेचे कौतुक करावे. पण दहा टनांची तुलना वरच्या आकड्यांशी केल्यावाचून राहवत नाही. शिवाय उन्हाने व लाटांनी जीर्ण झालेले, अनेक जातींचे मिसळलेले प्लॅस्टिक सहजी एकजीव होत नाही, आणि त्याचा एकदा का चुरा झाला की वेचणाऱ्याचा हातही चालत नाही. २०१५ पर्यंत निर्माण झालेल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी सुमारे नऊ टक्केच पुन्हा वापरात आला, असा एक हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला. तेव्हा कारागिरी अपुरी पडत नाही. अपुरा पडतो तो भाव. आपल्याकडेही भंगारवाल्याच्या तराजूत पाण्याची बाटली चढते, तिला दर मिळतो, आणि ती हळूहळू ‘भंगार’ या शब्दात सामावली आहे. वेफर्सचे चकचकीत वेष्टन आणि पातळ पिशवी मात्र अजून ‘कचरा’ याच शब्दात आहेत, आणि पहिल्या पावसात नाल्यावाटे खाडीकडे जातात त्या त्याच.