ठिपके आणि पेपर्स

कुत्रं घ्यायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'पेपर्स आहेत का?' पेपर्स म्हणजे वंशावळ. पण त्या कागदापायी काय होऊ शकतं, ते डाल्मेशियनच्या इतिहासात दिसतं.

शुद्ध वंशाच्या डाल्मेशियनमध्ये एका जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात. त्यामुळे लघवीत युरिक ॲसिड जास्त जातं, त्याचे खडे होऊ शकतात. नराची तर कधीकधी लघवीच अडते. सुबक ठिपके निवडता निवडता ब्रीडरांनी हा दोषही पसरवला असावा. अख्ख्या जातीत चांगली प्रतच उरली नाही, तर निवडणार कुठून? आम्हा प्रोग्रॅमरांच्या भाषेत, बॅकअपही बिघडलेलाच.

1973 मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा पॉइंटरशी संकर केला. फक्त एकदा. पुढची प्रत्येक जोडी पुन्हा डाल्मेशियनशीच. दर पिढीत पॉइंटरचा वाटा निम्मा होत गेला, चांगलं जनुक मात्र त्याने तपासून तपासून राखलं.

1981 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने यातल्या दोन कुत्र्यांची नोंद केली. डाल्मेशियनवाले चिडले. रक्तात भेसळ झाली म्हणे! (हा युक्तिवाद आपण कुत्र्यांखेरीजही ऐकलेला आहे.) नोंदणी थांबली.

2008 मध्ये नेमकं जनुक सापडलं, 2011 मध्ये क्लबने दार उघडलं. तोवर 30 वर्षं निरोगी पिल्लं नोंदवहीबाहेर जन्मत राहिली आणि खड्यांचा धोका असलेली पेपर्ससकट विकली गेली.