परिमाणवाचक शब्द (इंग्रजी)
नामाने दर्शवलेल्या गोष्टीची संख्या किंवा प्रमाण सांगणारे शब्द. नाम गणनीय की अगणनीय, यावर त्यांची निवड ठरते: ‘मेनी बुक्स’, पण ‘मच वॉटर’. ‘सम’ दोन्हींना चालतो. मराठीत ‘थोडी पुस्तके’, ‘थोडे पाणी’ असे एकाच शब्दाने भागते. शिवाय सल्ले मोजता येतात, ‘अ‍ॅडव्हाइस’ नाही. मराठी विद्यार्थी अडतो तो इथेच. ‘अ फ्यू’ म्हणजे काही, नुसते ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. गणनीय नामापूर्वी ‘लेस’ऐवजी ‘फ्यूअर’ बरे, असे रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये सुचवले. त्या पसंतीचा पुढे नियम झाला. ‘लेस’चा तसा वापर मात्र नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या काळापासूनचा, म्हणून त्याला सरसकट चूक ठरवणे अन्यायाचे. अंतर, काळ, पैसा यांसाठी तर ‘लेस दॅन टेन माइल्स’ हेच रूढ आहे.