माशाच्या अंड्यातील सत्तांतर

गंगा व तिच्या उपनद्या यांतील माशांचे वर्णन करणारा ग्रंथ फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली प्रसिद्ध केला. निळसर पट्ट्यांच्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या ज्या माशास आज झेब्रामासा म्हणतात, त्याची नोंद त्यात आहे. आपल्याच देशाच्या ओढ्यांतील या जिवाची खरी विद्या पुढे परदेशी वाढली, हे आम्हांस थोडे बोचते.

ती वाढविली जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. बुडापेस्टला जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेत जंतुभक्षक विषाणूंवरील संशोधनाने नावारूपास आले होते. ते चांगले चालते काम सोडून ओरेगॉन विद्यापीठात त्यांनी दुकानांतून आणलेले हे शोभेचे मासे पाळले. विषाणूस ना कणा, ना मेंदू. उलट या माशाचा गर्भ आईच्या शरीराबाहेर वाढतो, काचेसारखा पारदर्शक असतो, आणि चोवीस तासांत त्याचे डोके, कणा व शेपटी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात.

अडचण एकच होती. एका जनुकातील बिघाड पुष्कळदा दुसऱ्या पालकाकडून आलेल्या निर्दोष प्रतीआड दडून राहतो. स्ट्रायसिंगर यांनी अतिनील किरणांनी शुक्रबीजातील जनुके निकामी केली, अशा शुक्रबीजाने अंडे केवळ चेतविले, आणि मग उष्णतेने वा दाबाने आईचाच जनुकसंच दुप्पट करविला. बाप नावापुरता! दडलेला दोष आता एकाच पिढीत उघडा पडू लागला. ही युक्ती १९८१ साली प्रसिद्ध झाली; १९८४ साली ते निवर्तले.

पीक आले ते ट्यूबिंगेन व बॉस्टन येथे. माशीच्या गर्भावरील कामासाठी १९९५ च्या नोबेल पारितोषिकात वाटेकरी झालेल्या न्युस्लाइन-फोल्हार्डबाई आणि वोल्फगांग ड्रीव्हर यांच्या मंडळींनी असंख्य सदोष गर्भ तपासले, आणि डिसेंबर १९९६ मध्ये एका नियतकालिकाचा अंक त्यांच्या ३७ निबंधांनी भरून गेला. एक जनुक बिघडले की शेपटी उमटत नाही. दुसरे बिघडले की दोन डोळ्यांचा एकच होतो. या कीर्तीतील मोठा वाटा आम्ही स्ट्रायसिंगर यांनाच देऊ.

परंतु आम्हांस याहूनही नवल वाटते ते आरंभीच्या तीन तासांचे. फलनानंतर पाऊण तासाने अंडे दुभागते व पुढे दर पंधरा मिनिटांस विभागत जाते. तरी या काळात गर्भाची स्वतःची जनुके बहुतेक मूकच असतात. सारा कारभार आईने अंड्यात ठेविलेल्या आरएनएरूपी आज्ञापत्रांवर चालतो. पेशी हजाराच्या घरात गेल्या म्हणजे गर्भाची जनुके जागी होतात. आणि त्यांना जागविणारी प्रथिनेही आईच्याच शिदोरीतून येतात, असे २०१३ साली दिसून आले. जुन्या आज्ञापत्रांपैकी पुष्कळशी नाहीशी करण्याचे काम मात्र गर्भाने स्वतः घडविलेला एक चिमुकला आरएनए करितो, हे त्यापूर्वीच, २००६ साली, उमगले होते.