पवनारचा बंगला आणि जमिनीतला राम

उद्योगपतीचा नदीकाठचा बंगला आणि त्यातला कलासंग्रह म्हटलं की डोळ्यांसमोर झुंबरं, तैलचित्रं आणि तिकीटखिडकी येते. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीकाठी पवनार लागतं. इथे जमनालाल बजाजांचा असाच एक बंगला होता. संग्रहही आहे, पण तो कुणी विकत घेतलेला नाही. तो जमिनीतून वर आला.

1938 साली विनोबा भाव्यांची तब्येत फारच ढासळली होती. वजन 88 पौंडांवर आलं होतं. गांधीजी काळजीत पडले. हवापालटासाठी विनोबांनी दूरचं थंड हवेचं ठिकाण निवडलं नाही. ते जमनालालजींच्या पवनारच्या बंगल्यात येऊन राहिले आणि व्यायाम म्हणून शेतात खणू लागले. सुरुवातीला रोज पाचच मिनिटं, मग हळूहळू वेळ वाढवत नेला.

खणता खणता एके दिवशी एक मोठा दगड लागला. माती बाजूला केली तर ते शिल्प निघालं: वनवासातल्या रामाला भरत भेटतो आहे. योगायोग असा की 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी याच भेटीचं चित्र कुणी काढलं तर किती सुंदर होईल, असं म्हटलं होतं. त्यांनी हा देवाचा प्रसाद मानला. मूर्तीची स्थापना झाली, पूजा सुरू झाली.

आता इतिहासकारांची बाजू. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन पाचव्या शतकातला. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. रामाने सेतू बांधल्याची कथा सांगणारं 'सेतुबंध' हे प्राकृत काव्य प्रवरसेनाच्याच नावावर आहे. त्याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार आणि ही शिल्पं त्याच्या राममंदिरातली, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. 1967 साली नागपूर विद्यापीठाने इथे उत्खननही केलं. पण मिराशींचं म्हणणं सर्वांना पटलेलं नाही. प्रवरपूर म्हणजे रामटेकजवळचं मनसर, असं काही जण म्हणतात. काही शिल्पांत रामकथा नसून कृष्णकथा आहे, असंही एक मत आहे.

म्हणजे ज्याला आपण भरत म्हणून हात जोडतो तो भरतच आहे का, याबद्दलही वाद घालता येतो. माझ्यासारख्या इंजिनिअरला अशा वेळी एकच बरोबर उत्तर हवं असतं. इथे मात्र दोन वेगळे प्रश्न आहेत. हे शिल्प पाचव्या शतकात कुणासाठी घडवलं, हा एक. 1938 पासून ते कुणाचं झालं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर उद्या बदलू शकतं, दुसऱ्याचं नाही.

आणि भरताची गोष्ट या बंगल्याला शोभतेही. मिळालेलं राज्य त्याने आपलं मानलं नाही, पादुका ठेवून सांभाळलं. श्रीमंतांनी संपत्तीचं विश्वस्त व्हावं, असं गांधीजी सांगत. जमनालालजींनी ते मनावर घेतलं होतं. त्यांचा बंगला विनोबांचा परंधाम आश्रम झाला. 1959 साली विनोबांनी तिथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. शेती, स्वयंपाक, सफाई सगळं बहिणींनी स्वतः करायचं आणि निर्णय सर्वसंमतीने घ्यायचे, अशी तिथली रीत. बाकीची वाकाटक शिल्पंही याच आवारात, रोजच्या वावरात आहेत.

दीड हजार वर्षांचं शिल्प हार-फुलांत असावं की संग्रहालयात, नियंत्रित प्रकाशात? जपणुकीच्या दृष्टीने संग्रहालयाची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. पण तिथे आपण त्याच्यासमोर किती वेळ थांबलो असतो? एक फोटो काढून पुढच्या दालनात गेलो असतो.

तुम्ही गेलात तर फोन खिशात ठेवा. आधी शिल्पं निवांत बघा, मग नदीवर उतरा. 1948 साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग याच धाममध्ये विसर्जित झाला. तिथली छत्री काठावरून दिसते.