अभिलेख व्यवस्थापनाची साधने आणि संस्थेची गरज : पेशवे दप्तराच्या अनुषंगाने

प्रस्तावना :
संगणकप्रणाली घेतली की दप्तर सुव्यवस्थित झाले, असा समज अनेक संस्थांत रूढ आहे. वस्तुतः साधनाची योग्यता संस्थेच्या कामकाजावरून ठरते. हे पेशवे दप्तराच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पेशवेकालीन व्यवस्था :
पेशव्यांच्या हुजूर दप्तरात चालते दप्तर व एक बेरीज दप्तर हे दोन प्रमुख विभाग होते. चालते दप्तर फडणिसांच्या देखरेखीखाली दैनंदिन व्यवहार पाही, तर एक बेरीज दप्तर पुण्यात राहून सर्व खात्यांचे हिशेब वर्गवार लावी. मोडी लिपी जलद लेखनास सोयीची होती आणि रुमालात बांधलेले कागद हलविण्यास सुलभ होते. महसूल व जमाखर्च सांभाळणाऱ्या राज्याला ही साधने पुरेशी होती. मात्र साधने तीच असूनही दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराची शिस्त ढासळली. कारण ती राखणारा कारकूनवर्ग विस्कळीत झाला.

बदललेली गरज :
१८१८ नंतर दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनने इनामांची छाननी केली, तेव्हा हिशेबासाठी लिहिलेली नोंद हक्काचा पुरावा ठरली. कागद सापडतो की नाही, यावर अनेक कुटुंबांचे उत्पन्न अवलंबून राहिले. पुढे गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. तेथे गरज इतिहासाभ्यासकाची होती. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या नोंदी व्यक्तीच्या आणि गावाच्या नावाने धुंडाळाव्या लागल्या आणि मोडी वाचकांची निकड पुन्हा जाणवली.

निष्कर्ष :
माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी अभिलेख सूचीबद्ध व अनुक्रमित ठेवणे बंधनकारक आहे. महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरमधील एक नोंदही विद्यार्थ्याच्या जात पडताळणीत निर्णायक ठरू शकते. म्हणून कोणतेही साधन निवडण्यापूर्वी कागद कोण मागणार, कोणत्या खुणेने शोधणार, तो किती काळ जपायचा आणि ते काम कोण करणार, हे चार प्रश्न आधी सोडविणे आवश्यक आहे. उत्तरे स्पष्ट असतील तर साधी नोंदवहीही पुरते; ती नसतील तर महागडी प्रणालीही न सोडलेल्या रुमालासारखीच राहते.