डेब्यू अल्बम नव्हे, फड! नारायणगावच्या तमाशा गायिकांची कमाई कशी चालते?

अमेरिकेच्या गावाकडच्या संगीताला कंट्री म्युझिक म्हणतात. तिथं गायकाची कारकीर्द बहुतेकदा पहिल्या स्टुडिओ अल्बमपासून मोजली जाते. डॉली पार्टन यांचा ‘हॅलो, आय एम डॉली’ १९६७ मध्ये आला. त्यात १२ गाणी होती. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात, म्हणजे तमाशाच्या पंढरीत, गायिकेची ओळख ठरते ती बोर्डावर. या फरकाचा थेट संबंध तिच्या उतारवयातल्या पैशांशी आहे.

नारायणगावात काय विकलं जातं?

गुढीपाडव्याच्या सुमारास इथं फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव आणि आसपासच्या तालुक्यांतले गावकारभारी जत्रेसाठी तमाशा ठरवायला येतात. तारीख आणि रक्कम ठरली की सुपारी पक्की. ज्या तिथीला अनेक गावांच्या जत्रा असतात, तिची सुपारी महाग.

गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग असा खेळ रंगतो. विकली जाते ती एक रात्र. सुपारीच्या पैशांतून कलावंतांचे पगार, गाड्या, तंबू असा सगळा खर्च निघतो. खेळ थांबला की कमाई थांबते. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे जत्रा बंद झाल्या, तेव्हा हे ठळकपणे दिसलं.

अल्बमनं काय बदलतं?

रेकॉर्ड झालेलं गाणं पुन्हा पुन्हा विकता येतं. पण त्यासाठी हक्क स्वतःकडे हवेत. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे पार्टन यांनी लिहिलेलं गाणं एल्विस प्रेस्ली गाणार होते. त्यांच्या मॅनेजरनं प्रकाशन हक्कांत निम्मा वाटा मागितला आणि पार्टन यांनी नकार दिला. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टन यांनी ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी तेच गाणं गायलं आणि त्याची रॉयल्टी पार्टन यांना मिळाली.

विठाबाईंच्या वाट्याला काय आलं?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ मध्ये पंढरपूरला झाला. वडील आणि चुलत्यांच्या भाऊ-बापू मांग नारायणगावकर फडातून त्या पुढे आल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरीही अखेरचा काळ हलाखीत गेला आणि उपचारांसाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं. आज राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं.

आता कायदा काय सांगतो?

१९९४ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क आला. २०१२ च्या दुरुस्तीनं त्याच्या सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाल्यास रॉयल्टीचा हक्कही दिला. म्हणजे जत्रेतला खेळ मोबाइलवर टिपून, परवानगी न घेता त्यावर पैसे कमावणं हा हक्कभंग ठरू शकतो.

एक अडचण उरते. रंगबाजीत गायल्या जाणाऱ्या चित्रपटगीतांचे हक्क दुसऱ्यांचे असतात. फडानं स्वतः रचलेले गवळणी, लावण्या आणि वग मात्र त्यांचे असतात. ते रेकॉर्ड करताना रचना कोणाची, आवाज कोणाचा आणि वाटा किती, हे करारात लिहून घेतलं, तर घुंगरू उतरल्यावरही गाणं गायिकेसाठी कमावत राहील.