दोन कार्डांची जोडी का मोडली?

शेतीत जोडीला मान आहे. आपल्या खानदेशात पोळ्याला मिरवते ती बैलजोडी आणि कपाशीच्या काळ्या रानात नांगर ओढते तीही जोडीच. त्यामुळे एकापेक्षा दोन बरे, ही समजूत आपल्या मनात पक्की बसलेली आहे. संगणकाच्या बाजारानेही बरीच वर्षे हेच गणित मांडले. खेळांसाठीच्या लॅपटॉपमध्ये एक ग्राफिक्स कार्ड असेल तर चांगले, दोन असतील तर दुप्पट चांगले!

जळगाव-धुळ्याकडचे पालक मला आजही विचारतात, "मुलगा दोन कार्डांचा जुना लॅपटॉप घेऊ म्हणतो. तेवढ्याच पैशांत एका कार्डाचाही मिळतो. कोणता घ्यावा?" घरातली कष्टाची रक्कम त्यात जाणार असते. उत्तर एका वाक्यात देता येईल, पण ते पटायचे तर या जोडीचा इतिहास पाहायला हवा.

आधी कार्डाचे काम समजून घेऊ. संगणकाचा पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. पडदा १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असेल तर एका चित्रात पावणेआठ लाखांहून अधिक ठिपके येतात. खेळात अशी साठ चित्रे दर सेकंदाला काढायची म्हटली, तर ठिपके होतात सुमारे पावणेपाच कोटी. हे काम मुख्य प्रोसेसरला झेपत नाही, म्हणून वेगळे ग्राफिक्स कार्ड आले.

१९९८ साली अमेरिकेतील थ्रीडीएफएक्स या कंपनीने 'व्हूडू-२' हे कार्ड आणले. ते एकटे असताना ८०० गुणिले ६०० ठिपक्यांपर्यंतच चित्र काढी. पण दोन कार्डे शेजारी बसवून जोडली की १०२४ गुणिले ७६८ पर्यंत मजल जाई. युक्ती साधी होती. पडद्यावरच्या आडव्या ओळींपैकी सम ओळी एका कार्डाने काढायच्या, विषम ओळी दुसऱ्याने. या पद्धतीला 'एसएलआय' म्हणत. पुढे कंपनी अडचणीत आली आणि २००० सालच्या डिसेंबरात तिची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेण्याचे ठरले.

काम वाटून घेण्याची ही कल्पना आपल्या महाराष्ट्राला नवी नव्हती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अमेरिका आपला सर्वात शक्तिशाली महासंगणक द्यायला तयार नव्हती. तेव्हा डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. एकच महाकाय प्रोसेसर बनवण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपून तो तयार झाला होता. हवामानाच्या गणितासारखे काम त्याला मानवणारे. नकाशाचे तुकडे पाडावेत, प्रत्येक प्रोसेसरला एकेक द्यावा आणि शेजाऱ्यांनी आपापली उत्तरे एकमेकांना कळवावीत. मात्र त्यासाठी प्रोग्राम मुद्दाम तसे लिहावे लागत. ही अट लक्षात ठेवा. पुढची सारी कथा तिच्याभोवती फिरते.

२००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय नव्या रूपात आणले. २००५ मध्ये एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीने 'क्रॉसफायर' काढले. थोड्याच काळात ही जोडी लॅपटॉपमध्येही शिरली. २००७ च्या 'डेल एक्सपीएस एम१७३०' मध्ये दोन कार्डे बसवता येत, पण त्याचे वजन जवळपास पाच किलो होते. २०१७ चा 'एसर प्रिडेटर २१ एक्स' आठ किलोंहून जड होता आणि त्याला विजेचे दोन अडॅप्टर लावावे लागत. मांडीवर घ्यायचे यंत्र उचलायला हमाल लागावा, अशी ही गत!

वजनापेक्षा मोठी अडचण कामाच्या वाटणीची होती. आता दोन्ही कार्डे ओळी वाटून घेत नव्हती. बहुतेक वेळा एक चित्र पहिल्याने आणि पुढचे दुसऱ्याने काढायचे, अशी पद्धत होती. बैलांची चाल जुळली नाही की तास वाकडे जाते, तसेच इथे होई. चित्रे पुष्कळ निघत, पण कमीजास्त अंतराने, आणि डोळ्यांना खेळ अडखळताना दिसे. शिवाय दोन्ही कार्डांच्या मेमरीत तीच माहिती ठेवावी लागे. चार अधिक चार जीबी असली, तरी खेळाला वापरता येई ती चारच.

पुढे खेळच बदलले. मागच्या चित्रातली माहिती वापरून पुढचे चित्र अधिक नितळ करण्याचे तंत्र रूढ झाले. मग दुसरे कार्ड पहिल्याचे काम संपण्याची वाट पाहू लागले आणि वाटणीतला फायदा संपला. २०१५ च्या डायरेक्टएक्स-१२ प्रणालीत दोन कार्डे हाकण्याची बरीचशी जबाबदारी खेळ तयार करणाऱ्यांवर आली. जोडी बाळगणारे ग्राहक मूठभर, त्यांच्यासाठी एवढी मेहनत कोण घेणार? त्यातच २०१६ मध्ये एनव्हिडियाची अशी लॅपटॉप कार्डे आली, की एकटे कार्डच टेबलावरच्या संगणकाच्या जवळपास जाऊ लागले. अखेर १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी एसएलआयची नवी जुळणी देणे थांबवले.

एकत्र जुंपण्याची कल्पना मात्र टिकली. २०२० मध्ये सी-डॅकनेच पुण्यात उभारलेल्या 'परम सिद्धी-एआय' मध्ये शेकडो ग्राफिक्स प्रोसेसर एकत्र काम करतात. तिथले काम वाटता येते आणि ते वाटणारे प्रोग्रामही आहेत.

ग्राहकाचा गोंधळ होतो तो आणखी एका गोष्टीने. आजच्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकातही दोन ग्राफिक्स लिहिलेले असतात. ती वरची जोडी नव्हे. एक प्रोसेसरमधलेच साधे ग्राफिक्स आणि दुसरे खेळांसाठीचे वेगळे कार्ड. २०१० मध्ये एनव्हिडियाने आणलेल्या 'ऑप्टिमस' तंत्राने गरजेप्रमाणे मोठे कार्ड आपोआप कामाला लागते, एरवी झोपते. मुंबईहून जळगावकडे येणाऱ्या गाडीला कसारा घाटापुरती जादा इंजिने लावतात आणि इगतपुरीला काढतात, तसेच हे. त्यामुळे बॅटरी वाचते. अशा लॅपटॉपला घाबरण्याचे कारण नाही.

आता पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. खेळांसाठी दोन जोडकार्डांचा जुना लॅपटॉप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. नव्या खेळांत त्याचे दुसरे कार्ड बहुधा रिकामे बसेल. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. एका कार्डाची उष्णता बाहेर टाकतानाच त्याची दमछाक होते, तिथे दोघांची काय कथा! तेव्हा एकच कार्ड घ्या, पण अलीकडचे. त्याची स्वतंत्र मेमरी किती, ते किती वॅट वीज घेते आणि गरम हवा बाहेर जायला वाट कशी आहे, हे दुकानदाराला विचारा. एकाच नावाचे कार्ड कमी वॅटच्या लॅपटॉपमध्ये बरेच मंद चालते. आणि शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी अर्धा तास खेळ चालवून पाहा. गरम झाल्यावर यंत्र कसे वागते ते तेवढ्यात कळते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)